शंका-समाधान: सीपॅप मशीनचे प्रेशर विनाकारण का चढते?

झोपेत श्वास अडण्याच्या विकारासाठी, म्हणजे स्लीप ॲप्नियासाठी, घरी सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र) वापरणाऱ्या नागपूरकर वाचकांची उन्हाळ्यात आलेली पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरणारी आहेत. रात्री मशीनचे प्रेशर गरज नसताना वाढते, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. त्यांपैकी काही पत्रे संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून प्रतापनगरला राहतो. डॉक्टरांनी माझी ऑटो मशीन, म्हणजे प्रेशर आपोआप कमीजास्त करणारी मशीन, ५ ते १५ या मर्यादेत लावून दिली आहे. हिवाळाभर रिपोर्टमध्ये ९५ टक्क्यांचे प्रेशर (रात्रीचा ९५ टक्के वेळ ज्याच्या वर प्रेशर जात नाही तो आकडा) ९ च्या आसपास दिसत असे. एप्रिलमध्ये कूलर लावल्यापासून ते १४ वर जाते, पहाटे तोंडाला कोरड पडून जाग येते आणि नळीतून गुडगुड असा आवाज येतो. एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याच्या किंवा उथळ होण्याच्या घटनांची सरासरी, मात्र पूर्वीसारखाच २ आहे. विक्रेता म्हणतो की सेन्सर गेला आहे, नवी मशीन घ्या. मी कमाल प्रेशर स्वतःच १० वर बांधून टाकावे काय?

उत्तर : नवी मशीन घेण्याची घाई करू नये आणि मर्यादाही स्वतः बदलू नये. आपल्या पत्रातील दोन शब्द, कूलर आणि गुडगुड, बरेच काही सांगून जातात. परंतु त्यासाठी मशीन प्रेशर कशावरून वाढवते हे आधी पाहावे लागेल.

ऑटो मशीनला आपला घसा दिसत नाही, आपण झोपलेले आहात की जागे हेही तिला कळत नाही. तिच्या हाती असतात केवळ दोन मापे, नळीतून वाहणाऱ्या हवेचा प्रवाह आणि त्या हवेचा दाब. या दोन मापांच्या चढउतारांवरून ती तीन गोष्टी ताडते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडला काय, दाबात घोरण्यासारखी बारीक कंपने उमटत आहेत काय, आणि आत घेतलेल्या श्वासाच्या आलेखाचा घुमटासारखा गोल माथा चपटा झाला आहे काय. या चपटेपणाला रिपोर्टमध्ये फ्लो लिमिटेशन म्हणतात. यांपैकी काहीही आढळले की घसा आवळला जात असावा असे गृहीत धरून ती प्रेशर वाढवते. हे गृहीतक बहुतेक वेळा बरोबर ठरते, म्हणूनच हा उपचार यशस्वी आहे. पण घशाशी संबंध नसलेल्या कारणानेही तशीच चिन्हे उमटू शकतात आणि मग मशीन फसते.

आता आपल्या खोलीकडे येऊ. ह्युमिडिफायरमधून, म्हणजे मशीनच्या हवेला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या टाकीतून, निघणारी हवा उबदार आणि ओलसर असते. खिडकीतल्या कूलरचा थंड झोत थेट नळीवर येत असेल तर नळीची भिंत गार पडते आणि आतल्या बाष्पाचे पाणी होते. ते पाणी नळी जिथे खाली झोळ घेते तिथे साचते आणि हवा त्या पाण्यातून बुडबुडत पुढे जाते. आपण ऐकता ती गुडगुड हीच होय. या बुडबुड्यांनी दाबात जी थरथर होते ती मशीन घोरणे म्हणून नोंदवू शकते आणि प्रेशर चढवू लागते. हिवाळ्यात हे का झाले नाही, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्या दिवसांत आपली खोली बंद असणार, नळी बहुधा रजईच्या आत असणार आणि हवाही कोरडी असणार. उन्हाळ्यात नागपूरची बाहेरची हवा कितीही शुष्क असली तरी वाळ्याच्या ताट्यांतून आलेली कूलरची हवा दमट असते; त्या हवेत ह्युमिडिफायर हिवाळ्यातल्याच आकड्यावर ठेवला तर ओलावा जास्त होतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांची गोष्ट उलटी, कारण एसीची हवा कोरडी असते आणि त्यांना ओलावा अधिक लागू शकतो. शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

कोरड पडलेल्या तोंडाचा धागा वेगळा आहे. प्रेशर वाढले की काहींचे तोंड झोपेत उघडते, हवा तोंडावाटे निसटते आणि जीभ वाळते. मोठ्या गळतीत मशीनला श्वासाचा आलेख स्वच्छ दिसत नाही आणि तिचे अंदाज अधिकच बिघडतात. म्हणून प्रेशर आणि लीक हे दोन्ही आलेख एकाच वेळेच्या रेषेवर ठेवून पाहणे आवश्यक आहे. आपल्या मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर संगणकावर ऑस्कर नावाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये हे आलेख वरखाली मांडून पाहता येतात. नसेल तर उपचार केंद्राकडून रात्रीचा तपशीलवार रिपोर्ट मागून घ्यावा, कारण मशीनच्या पडद्यावरचा सकाळचा सारांश या कामाला पुरत नाही. लीक आधी वाढली आणि मागोमाग प्रेशर चढले, तर त्या वाढीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. प्रेशर आधी चढले आणि मग लीक सुरू झाली, तर मास्क किंवा तोंड ते प्रेशर पेलू शकले नाही एवढेच त्यातून कळते. प्रेशर का चढले ते वेगळे शोधावे लागते. घोरण्याच्या खुणांचा दाट पट्टा दिसत असेल आणि घरच्यांनी मात्र त्या वेळी घोरणे ऐकले नसेल, तर पाण्याचा संशय बळावतो.

लीकचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उच्छ्वास बाहेर जावा म्हणून मास्कला मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात आणि त्यांतून हवा सतत जातच असते. काही मशीन ही ठरलेली हवा वजा करून उरलेलीच गळती दाखवतात, तर काही एकूण आकडा दाखवतात. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लीटर ही धोक्याची रेषा मानली जाते, पण ती वजाबाकीनंतरच्या गळतीची आहे. एकूण आकडा दाखवणाऱ्या मशीनला तीच रेषा लावून घाबरलेले रुग्ण नेहमी भेटतात.

आता करायचे काय ते सांगतो. ह्युमिडिफायरचा आकडा एकदोन पायऱ्यांनी खाली आणावा, मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवावी, नळी डोक्यामागून वरून आणावी म्हणजे झोळ पडणार नाही, आणि कूलरचा झोत तिच्यावर येणार नाही असे पाहावे. नळीला कापडी गिलाफ शिवून घेतला तरी बराच फरक पडतो. रात्री गुडगुड ऐकू आलीच तर मशीन थांबवून नळी दोन्ही टोकांनी सोडवावी आणि बाहेर झटकून पाणी काढावे. ते मशीनकडे परत जाऊ देऊ नये. पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर काही रात्री दुसरा कोणताही बदल न करता रिपोर्ट पाहावा. एकाच रात्री मास्क, उशी आणि ह्युमिडिफायर असे सगळेच बदलले, तर गुण कशाने आला हे कोणालाच सांगता येत नाही.

एएचआय २ च राहिला म्हणून वाढ खोटी होती, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. वाढलेल्या प्रेशरमुळेच तो २ वर राहिला असेल, हीसुद्धा एक शक्यता आहे. पाणी बंद झाल्यावर प्रेशर आपोआप ९ च्या आसपास आले आणि एएचआय तसाच राहिला, तर उत्तर मिळाले. तसे झाले नाही तर खऱ्या कारणांकडे वळावे लागेल. वजन वाढले काय, झोपेची किंवा ॲलर्जीची नवी गोळी सुरू झाली काय, रात्री मद्य घेतले जाते काय, आणि विशेषतः नाक चोंदते काय, हे पाहावे. मागच्या वर्षीच्या, धूळ आणि बुरशी धरलेल्या ताट्या तशाच वापरल्या की पुष्कळांना सर्दी होते. नाक चोंदल्यामुळे श्वासाचा माथा चपटा झाला आणि मशीनने प्रेशर वाढवले, तर तिने जे पाहिले ते खरेच होते. मशीनचा तिथे दोष नाही. ताट्या बदलाव्यात आणि नाकाचा इलाज करावा.

एवढे करूनही प्रश्न सुटला नाही तर डॉक्टर काही दिवसांसाठी मशीन स्थिर प्रेशरवर लावून पाहू शकतात. स्थिर प्रेशरवर मशीन घटनांची नोंद ठेवते, पण त्यांवरून प्रेशर बदलत नाही, त्यामुळे कमी प्रेशरवरही एएचआय चांगला राहिला तर वरची चढण अनावश्यक होती हे सिद्ध होते. दुसरा उपाय ऐकायला विचित्र वाटेल, पण अनेकदा कमाल मर्यादा घटवण्यापेक्षा किमान मर्यादा थोडी वाढवणे हिताचे ठरते. किमान प्रेशर फार खाली असले की श्वास आधी अडतो, मग मशीन धावाधाव करून वर चढते आणि पुन्हा हळूहळू उतरते. पाया थोडा उंच असला तर ही धावाधावच थांबते. हे दोन्ही निर्णय डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून घ्यायचे आहेत.

सेन्सर खरोखर गेला आहे काय, हे विक्रेत्याच्या अंदाजावर सोडू नये. तंत्रज्ञ मशीन स्थिर १० वर लावून मास्कच्या टोकाशी मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक, जोडतो आणि तिथे १० च्या आसपास दाब मिळतो की नाही हे पाहतो. ही तपासणी करून मागावी. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का होतात. गाडीच्या टायरचा गेज लावून घरी तपासल्याचे एका वाचकाने लिहिले आहे, त्याचा काटा हललाच नाही यात आश्चर्य नाही.

प्रश्न : आम्ही कोराडीला राहतो. बाबांच्या मशीनचे फिल्टर महिनाभरात राखेसारखे करडे होते. त्यानंतर मशीनचा आवाज वाढतो आणि प्रेशर वाढले असे बाबा म्हणतात. रिपोर्टमध्ये मात्र प्रेशर पूर्वीइतकेच दिसते. खरे काय मानावे?

उत्तर : रिपोर्ट खरा मानावा. फिल्टर बुजले की तेवढीच हवा ओढण्यासाठी मशीनच्या पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून आवाज चढतो. मास्कमधला दाब सेन्सरच्या आधारे राखला जातो, त्यामुळे तो तेवढाच राहतो. फिल्टर फारच बुजले तर वरच्या प्रेशरला मशीन अपुरी पडू लागते, म्हणजे परिणाम झालाच तर उलटा होतो. आवाजावरून प्रेशर ठरवू नये. औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीपर्यंत टिकेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही, रंग बदलला की ते बदलावे. कागदी प्रकारचे फिल्टर धुऊन पुन्हा लावू नये. स्पंजसारखे काळे फिल्टर असेल तर ते धुता येते, पण पूर्ण वाळल्यावरच लावावे.

प्रश्न : मी मनीषनगरला राहतो आणि परदेशी कंपनीसाठी घरून रात्री उशिरापर्यंत काम करतो. मास्क लावून तासभर मोबाइल पाहत पडण्याची सवय आहे. रिपोर्टमध्ये याच तासात सर्वाधिक घटना दिसतात आणि प्रेशरही वर गेलेले असते. जागेपणी माझा श्वास अडतो काय?

उत्तर : नाही. जागा माणूस कूस बदलताना श्वास रोखतो, आवंढा गिळतो, सुस्कारा टाकतो, मोबाइलवर काही वाचताना नकळत श्वास थांबवतो. झोपेतला श्वास सहसा एका लयीत चालतो, जागेपणीचा तसा नसतो. मेंदूच्या लहरी पाहण्याची सोय घरगुती मशीनमध्ये नसते, त्यामुळे ही अनियमितता ती घटना म्हणून मोजते आणि काही वेळा प्रेशरही वाढवते. मग आपल्याला झोप लागते तीच वाढलेल्या प्रेशरवर, आणि त्या प्रेशरने तोंड उघडले की पुढच्या तासाचा आलेखही बिघडतो. झोप येऊ लागल्यावरच मास्क लावावा. मध्यरात्री जाग येऊन हवेचा लोट असह्य वाटला तर मशीन एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी म्हणजे ती सुरुवातीच्या प्रेशरपासून चालू होते. लोटाशी झगडत पडून राहण्यात काहीच मिळत नाही. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना हा जागेपणीचा तास वेगळा दाखवावा, नाहीतर त्या तासापोटी आपले प्रेशर कायमचे वाढवले जायचे.

प्रश्न : माझे यजमान ६३ वर्षांचे आहेत, आम्ही इतवारीत राहतो. त्यांची अँजिओप्लास्टी झाली असून हृदयाचे पंपिंग कमी आहे. महिन्याभरापासून रिपोर्टमध्ये क्लिअर एअरवे नावाचा आकडा वाढला आहे आणि प्रेशर १६ पर्यंत जाते. मशीन देणाऱ्या माणसाने याहून महाग मशीन सुचवली आहे.

उत्तर : ताई, या सदरातील इतर उत्तरे आपल्याला लागू नाहीत. घरी काहीही बदलू नये आणि याच आठवड्यात रिपोर्ट घेऊन हृदयरोगतज्ज्ञ व छातीरोगतज्ज्ञ या दोघांनाही भेटावे.

क्लिअर एअरवे म्हणजे श्वासमार्ग उघडा होता, पण श्वास घेण्याचा आदेशच मेंदूकडून आला नाही. श्वास थांबल्यावर मशीन हवेची अगदी सूक्ष्म स्पंदने पाठवून मार्ग उघडा आहे की बंद हे पाहते. उघडा असेल तर सहसा प्रेशर वाढवत नाही, कारण वाढवून उपयोग नसतो. परंतु हृदय दुर्बल असले की काही रुग्णांचा श्वास लाटेसारखा मोठा होत जातो, मग लहान होत जातो आणि थांबतो. त्यातील लहान होत जाणारे श्वास अडथळ्यामुळे आहेत असे वाटून मशीन प्रेशर चढवू शकते, आणि चढलेले प्रेशर काही रुग्णांत या उघड्या मार्गाच्या घटना आणखी वाढवते. हे चक्र मास्क घट्ट करून किंवा फिल्टर बदलून सुटत नाही. असे श्वास वाढणे हे हृदयाची स्थिती बदलल्याचेही लक्षण असू शकते. पायावर सूज, आडवे झाल्यावर धाप, दोनचार दिवसांत एकदम वाढलेले वजन, यांपैकी काही असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नये.

महाग मशीनबद्दल विशेष सावध राहावे. अशा श्वासासाठी एएसव्ही नावाचा, प्रत्येक श्वासागणिक हवेचा आधार कमीजास्त करणारा प्रकार सुचवला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ या अभ्यासात, हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदय आतल्या रक्ताचा किती भाग बाहेर ढकलते ते माप) ४५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि प्रामुख्याने मेंदूच्या आदेशाअभावी श्वास थांबणाऱ्या रुग्णांमध्ये एएसव्ही वापरल्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले आढळले. यजमानांचा ताजा इको पाहिल्याशिवाय कोणी तशी मशीन देऊ करत असेल तर ती घरात येऊ देऊ नये.

प्रश्न : मी हिंगण्याला कारखान्यात नोकरीला आहे. पूर्ण चेहऱ्याचा मास्क सोडून नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क घेतला, सोबत बारीक नळीही घेतली. तेव्हापासून लीकचे आकडे विचित्र येतात. शिवाय दोन उशा घेऊन झोपलो की तासभर प्रेशर एकदम टोकाला जाते. दोन्हींचा संबंध आहे काय?

उत्तर : बहुधा नाही, या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात. प्रत्येक प्रकारच्या मास्कच्या छिद्रांतून किती हवा जाते आणि कोणत्या जाडीच्या नळीत किती दाब खर्ची पडतो, याचे हिशेब मशीनमध्ये भरलेले असतात. मास्क आणि नळी बदलली पण मेनूमधली निवड जुनीच राहिली, तर हिशेब चुकतो. बऱ्याच मशीनमध्ये मास्कचा प्रकार रुग्णाला स्वतः बदलता येतो. नळीची निवड आपल्या मेनूत दिसत नसेल तर केंद्रातून करून घ्यावी. छोट्या मास्कचा सिलिकॉनचा भाग रोज सौम्य साबणाने धुवावा. रात्री चेहऱ्याला खोबरेल तेल किंवा क्रीम लावण्याची सवय असल्यास ती सोडावी, तेलकट कातडीवरून सिलिकॉन घसरते.

उशांचे म्हणाल तर तिथे मशीन फसलेली नाही. दोन उशांमुळे मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग खरोखरच दुमडतो. पण हा अडथळा प्रेशरने सहसा उघडत नाही, त्यामुळे मशीन चढत जाते, घटना चालूच राहतात आणि हाती पडते फक्त गळती. आलेखात अशा घटना रात्रभर विखुरलेल्या न दिसता एका ठिकाणी गर्दी करून दिसतात. एकच पातळ उशी घेऊन कुशीवर झोपून पाहावे. गर्दी नाहीशी झाली तर प्रेशरला हात लावण्याची गरज नाही.

प्रश्न : विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन आल्यापासून मशीनचे प्रेशर हेलकावे खाते. प्रवासात मशीन पिशवीत उभी ठेवली होती. गाडीचा धक्का हे कारण असेल काय?

उत्तर : धक्क्यापेक्षा पाण्याची शक्यता अधिक आहे. पाण्याची टाकी भरलेली ठेवून मशीन आडवीतिडवी झाली की पाणी पंख्याकडे आणि सेन्सरच्या नळ्यांमध्ये शिरू शकते. प्रवासापूर्वी टाकी काढून, पुसून, वेगळी ठेवावी. परत भरताना डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात आणि टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. आपल्या मशीनमध्ये पाणी गेले असण्याची शंका आहे तोवर ती वापरू नये, ड्रायरने किंवा उन्हात ठेवून वाळवू नये, आणि प्लग काढून तशीच केंद्रात नेऊन मॅनोमीटरवर तपासून घ्यावी. तोवर बदली मशीन मिळते काय हे केंद्रातच विचारावे. न मिळाल्यास त्या रात्री कुशीवर झोपावे आणि झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नये.